शुगरसारखी नाकाची टेस्ट नसते का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे, बडोद्यात दांडिया बाजार भागात राहते, शाळेत शिकवते. दरवर्षी अनंत चतुर्दशी झाली की माझं नाक सुरू होतं, ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, मग पाण्यासारखं नाक गळतं, डोळे खाजतात आणि रात्री नाक इतकं चोंदतं की तोंड उघडं टाकून झोपावं लागतं. बाकी वर्षभर काही नाही. गेल्या वर्षी एका लॅबचं 'ॲलर्जी पॅकेज' केलं. एकूण आयजीई ६१२ आलं आणि यादीत गवतांबरोबर गहू, शेंगदाणा, वाटाणा लाल रंगात आले. तेव्हापासून घरात माझ्यापुरती ज्वारीची भाकरी, आणि सेव-उसळ बंद. नाक आहे तसंच आहे. आता नवे ईएनटी डॉक्टर म्हणतात, नाकातून स्लाइड घेऊ. मैत्रीण म्हणते, तिच्या मुलाची यंत्रात फुंकर मारायची नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट झाली, तीच कर. शेजारचे काका सगळा दोष कोनोकार्पसच्या झाडांना देतात. स्टिरॉइडचा स्प्रे लिहून दिलाय, पण भीती वाटते. चार दिवस मारते, फरक पडत नाही, सोडून देते. रक्तातली साखर मोजतात तशी नाकातली सूज मोजणारी एकच टेस्ट नसते का? आणि नवरात्रात गरबा खेळू की नको?

उत्तर: ताई, आधी गव्हाचं मिटवू, कारण वर्षभर तुम्ही विनाकारण गव्हाच्या भाखरीला मुकलात. गहू हा गवताच्याच कुळातला. ज्यांचं शरीर गवताच्या परागांवर चिडलेलं असतं, त्यांच्या रिपोर्टात गव्हासमोरही लाल खूण उमटते, कारण दोन्हींतली काही प्रथिनं मिळतीजुळती असतात. शेंगदाणा आणि वाटाण्याचंही बऱ्याचदा हेच होतं. अशी खूण म्हणजे शरीराने त्या प्रथिनाची ओळख ठेवणारी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवली आहे, एवढंच. ती ओळख त्रास देते की नाही, हे तुम्हालाच विचारावं लागतं. भाखरी खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, घसा आवळला, उलट्या झाल्या, असं कधी झालंय का? पत्रात तर तसं काही नाही, आणि पॅकेज करायच्या आधी जन्मभर तुम्ही गहू खातच होतात. तेव्हा भाखरी आजपासून सुरू. शेंगदाणा आणि वाटाणा वर्षभर बंद होते, म्हणून ते सुरू करण्याआधी एकदा तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि रिपोर्टात कुठे 'आयजीजी' किंवा 'आयजीजी ४' (या आयजीईहून वेगळ्या अँटिबॉडी) असं लिहून पदार्थांची लांबलचक यादी असेल, तर ती पानं रद्दीत टाका. तो पदार्थ तुम्ही खाता, याहून जास्त ती यादी काही सांगत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच हे स्पष्ट करून ठेवलंय. तरी पॅकेजं विकली जातात, कारण यादी लांब असली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

६१२ या आकड्याचीही धास्ती घेऊ नका. एकूण आयजीई पोटातल्या जंतांनी वाढतं, एक्झिमाने वाढतं, काहींचं उपजतच जास्त असतं. आकडा ८० असूनही शिंकून बेजार झालेली माणसं असतात आणि हजारावर असून खुशाल हिंडणारीही असतात. तुमचं नाक आज किती सुजलंय, हे तो आकडा सांगत नाही. तो दरवर्षी पुन्हा करण्याचंही कारण नाही.

आता मूळ प्रश्न. एकच टेस्ट नसते. साखर हा एक पदार्थ आणि रक्त हे एक द्रव, म्हणून तिथे एका आकड्यात काम भागतं. नाकात मात्र एका वेळी दोन घडामोडी चालू असतात. पहिली मिनिटांत घडते. अस्तरातल्या मास्ट पेशींवर आयजीई आधीपासून ठाण मांडून असतं. परागातलं प्रथिन त्याला चिकटलं की त्या पेशी हिस्टॅमिन सोडतात, आणि मग खाज, शिंका, पाणी. दुसरी घडामोड चार ते आठ तासांनी रंगात येते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून अस्तरात येतात, तिथे मुक्काम ठोकतात, अस्तर फुगतं आणि नाक चोंदतं. शिंका बहुतेक पहिलीचं देणं, चोंदणं बहुतेक दुसरीचं. म्हणूनच ॲलर्जीच्या गोळीने तुमच्या शिंका थांबत असतील, पण रात्री नाक सुटत नसेल. गोळी हिस्टॅमिनला अडवते, जमलेल्या पेशींना ती फारसं हलवू शकत नाही.

या जमलेल्या पेशींमुळे आणखी एक गोष्ट होते. सीझनच्या सुरुवातीला जितके पराग लागत होते, त्याच्या अंशानेही काही आठवड्यांनी नाक पेटतं. याला प्रायमिंग म्हणतात. त्या अवस्थेत अगरबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, एसीची गार हवा, काहीही पुरतं. मग माणूस म्हणतो, "मला सगळ्याचीच ॲलर्जी झाली." तसं नसतं. नाक हळवं झालेलं असतं.

तर मोजायचं काय? तुमच्या ईएनटी डॉक्टरांनी सुचवलेली स्लाइड माझ्या मते करण्यासारखी आहे, पण वेळ साधली तरच. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर खालच्या बाजूला एक फुगीर वळकटी असते. ओपीडीत तिच्याकडे बोट दाखवून "नाकातलं मांस वाढलंय" म्हणतात ना, तीच. बहुतेकदा ते वाढलेलं मांस नसतंच, सुजलेलं अस्तर असतं. प्लास्टिकच्या अगदी बारीक चमच्याने तिच्यावरून हलकेच खरवडतात. डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते, पण भूल लागत नाही. खरवडलेलं काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि जिम्सासारख्या रंगाने रंगवतात. निरोगी नाकाच्या पट्टीवर केसाळ पेशी दिसतात, चिकट स्राव करणाऱ्या पोटफुग्या पेशी दिसतात, अधूनमधून एखादा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी. इओसिनोफिल जवळजवळ नसतातच. ॲलर्जीच्या नाकात ते लगेच नजरेत भरतात: दोन पाळ्यांचं जांभळं केंद्रक आणि भोवती ठासून भरलेले केशरी-लाल दाणे. काही पेशी फुटलेल्या असतात आणि दाणे आजूबाजूला सांडलेले असतात. अस्तराला इजा करणारी प्रथिनं त्याच दाण्यांत असतात. शंभर पांढऱ्या पेशींत दहापेक्षा जास्त इओसिनोफिल असले तर अनेक जण ते लक्षणीय मानतात, अर्थात ही मर्यादा लॅबगणिक थोडी बदलते. उलट न्यूट्रोफिलची झुंड आणि सोबत जिवाणू दिसले, तर तो संसर्ग. दर सीझनला अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या कितीतरी लोकांच्या पट्टीवर हा दुसरा देखावा नसतोच. नुसता तो कोर्स वाचला तरी स्लाइडचे पैसे वसूल.

पण स्लाइड सूज कोणत्या जातीची ते सांगते, कशामुळे आली ते सांगत नाही. काही लोकांच्या नाकात ॲलर्जी नसतानाही इओसिनोफिल भरलेले असतात, नाकात पॉलिप (अस्तराच्या मऊ गाठी) असले तरी असतात. कारण शोधायला त्वचेवरची टोचून करायची टेस्ट आहे. हातावर परागांच्या अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजायची. पराग नसलेल्या नुसत्या द्रावाच्या थेंबाने उठलेल्या गांधीपेक्षा ती ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असली तर होकार. यासाठी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. नाकातला स्प्रे चालतो. स्लाइडला मात्र तोच स्प्रे आड येतो, कारण तो इओसिनोफिल कमी करतो, आणि मार्गशीर्षात केलेली स्लाइड तर तुमच्या बाबतीत स्वच्छच निघेल. म्हणून स्लाइड ऐन सीझनमध्ये, त्रास चालू असताना आणि स्प्रे सुरू करण्याआधी घ्यायची.

कोनोकार्पसचं म्हणाल तर काका अगदीच चुकीचे नाहीत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याची लागवड बंद केली, त्यात परागांची तक्रार होतीच. पण त्याचा फुलोरा हिवाळ्यातला आणि तुमचा त्रास पाऊस ओसरतानाचा. त्या दिवसांत आपल्याकडे गवतं फुललेली असतात, आणि रस्त्याकडेच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गाजरगवत कमरेएवढं झालेलं असतं. संशय घ्यायचा तर आधी त्यांच्यावर घ्या. पराग हेच मूळ आहे, हे चार्ल्स ब्लॅकली नावाच्या मँचेस्टरच्या डॉक्टराने १८७३ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं. त्याला स्वतःला हा त्रास होता. गवताचे पराग त्याने स्वतःच्याच नाकात घातले, आणि हवेत उंचावर किती पराग असतात ते मोजायला चक्क पतंग उडवले, त्यांना चिकट काचपट्ट्या लावून. उत्तरायणाला छपरावर दिवस काढणाऱ्या आपल्या गावाला हा माणूस आवडला असता.

आता चोंदणं. नाकातून जोरात श्वास आत ओढायचा, मिनिटाला किती लिटरच्या वेगाने हवा गेली ते मीटरवर वाचायचं, अशी एक साधी नळी असते. तोंड मिटून, मास्क नाकावर नीट दाबून तीन वेळा ओढायचं आणि सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. यंत्र स्वस्त असतं, घरीही वापरता येतं. यात गफलत होते ती दोन कारणांनी. एक म्हणजे जोर तुमचा, त्यामुळे कंटाळून ओढलं तर आकडा पडतो. दुसरं, दोन नाकपुड्या आळीपाळीने आपोआप फुगतात आणि मोकळ्या होतात. योगशास्त्रवाले डावा स्वर, उजवा स्वर म्हणतात ना, ते. पाश्चात्त्य वैद्यकात कायझर नावाच्या जर्मन डॉक्टराने हे १८९५ मध्ये नोंदवलं. त्यामुळे एकाच नाकपुडीवरून अंदाज बांधलात तर फसाल. दोन्ही मिळून मोजा, रोज त्याच वेळी मोजा आणि २० लिटरांपेक्षा कमी फरकाला फारसं महत्त्व देऊ नका. दवाखान्यात याचा आणखी एक उपयोग होतो: आधी मोजायचं, मग नाक मोकळं करणारे थेंब घालून थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर गेला तर अडथळा सुजेचा. जागचा हलला नाही तर हाड वाकडं आहे का, पॉलिप आहे का, ते बघायचं. ते थेंब घरी मात्र पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नका. मग नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं, आणि ती सवय सोडवणं ॲलर्जीपेक्षा कठीण जातं.

हवेचा दाब आणि प्रवाह एकदम मोजणारी, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून नाकाची पोकळी आखणारी अशी मोठी यंत्रंही असतात. संशोधनात तर नाकात कोमट सलाइन घालून, ते परत गोळा करून त्यातली ट्रिप्टेज, ईसीपी अशी प्रथिनं मोजतात. ट्रिप्टेज मास्ट पेशींची खूण, ईसीपी इओसिनोफिलची. पण सलाइनमध्ये स्राव किती पातळ झाला ते दर वेळी वेगळं, त्यामुळे एका माणसाच्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. तुम्हाला यातल्या कशाचीच गरज नाही.

गरज आहे ती एका वहीची. हसू नका. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्येही शेवटी हेच वापरतात. नाक चोंदणं, नाक गळणं, शिंका, खाज, या चारांना रोज ० ते ३ गुण द्यायचे: नाही, थोडं, बऱ्यापैकी, असह्य. बेरीज जास्तीत जास्त १२. सकाळी औषधाच्या आधी लिहायचं. डोळ्यांचा वेगळा रकाना. सोबत १० सेंटिमीटरची एक रेघ मारून "आज एकूण त्रास किती" यावर एक टिंब. टिंब सतत ५ च्या पुढे पडत असेल तर चालू उपचार पुरेसा नाही, असं समजायचं. तुमच्या पत्रात "फरक पडत नाही" असं वाक्य आहे. चार दिवसांच्या स्प्रेवर ते वाक्य लिहिलंत, आणि त्या चार दिवसांत बेरीज ९ वरून ७ वर आली होती का ९ वरच होती, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

स्प्रेचं भय समजू शकतो, स्टिरॉइड या शब्दाचीच धास्ती बसली आहे. पण प्रमाण बघा. फ्लुटिकॅसोन किंवा मोमेटॅसोनचा एक फवारा ५० मायक्रोग्रॅमचा. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, आणि त्यातला २ टक्क्यांपेक्षाही कमी भाग रक्तात पोचतो. प्रेडनिसोलोनची सगळ्यात परिचित गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, आणि ती जवळपास सगळी शरीरात जाते. खरं टाळायचं ते सीझनला घेतलं जाणारं 'एकच इंजेक्शन, दिवाळीपर्यंत चिंता नाही' प्रकरण. तो डोस अंगात आठवडेच्या आठवडे राहतो. स्प्रेने नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, ते बहुतेक मारण्याच्या पद्धतीने. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक कानाच्या दिशेने, मधल्या पडद्यावर नाही. मग हलका श्वास. जोरात ओढलंत तर औषध घशात जातं आणि कडवट चव तेवढी हाती लागते.

स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागू शकतात, चार दिवस कमीच. या वर्षी स्लाइड झाल्यावर तो रोज मारा, अगदी बरं वाटलं तरी, आणि हवं तर तीन-चार आठवड्यांनी दुसरी स्लाइड घ्या. इओसिनोफिल ओसरलेले दिसतील तेव्हा भीतीही ओसरेल. पुढच्या वर्षापासून मात्र नाक सुरू व्हायची वाटच बघू नका. तुमचा सीझन अनंत चतुर्दशीला उघडतो, तर स्प्रे पिठोरी अमावस्येला सुरू करा. मधे बरोबर दोन आठवडे असतात. अधिक महिना येतो त्या वर्षी तिथी पुढे सरकते, गवत काही पंचांग बघून फुलत नाही. तेव्हा पावसावर नजर ठेवा. हे सगळं नीट करूनही दोन सीझन वाया गेले, तर त्वचेच्या टेस्टवर आधारित, ॲलर्जी हळूहळू कमी करणाऱ्या लसीचा विचार करता येईल. त्याला साधारण तीन वर्षं द्यावी लागतात.

आता गरबा. खेळा की. मोकळं मैदान, अनवाणी पाय, हजारोंच्या पायांखालून उडणारी माती. प्रायमिंग झालेल्या नाकाला धूळ बोचणारच, पण स्प्रे वेळेवर सुरू झाला असेल तर नाक तितकं हळवं राहत नाही. जाण्याआधी झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी घ्या, गाडी चालवायची असेल तर नक्कीच तसली. त्या गोळीत मॉन्टेलुकास्ट मिसळलेलं असेल आणि ती सुरू झाल्यापासून झोप बिघडली, मन उदास किंवा चिडचिडं झालं, तर डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यावरच कडक इशारा दिला आहे. घरी आल्यावर चणिया-चोळी बेडरूमबाहेर बदला, केस धुवा आणि नाक कोमट मिठाच्या पाण्याने धुवा. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं थेट कधीही नाही.

एक गोष्ट मात्र पत्रात नाही, ती स्वतःला विचारा. गरब्यात किंवा जिना चढताना छाती आवळते का, शिट्टीसारखा आवाज येतो का, पहाटे खोकल्याने जाग येते का? वहीत तोही रकाना ठेवा. मैत्रिणीने सांगितलेल्या फुंकरीच्या टेस्टचं स्थान इथे आहे, नाकात नाही. नायट्रिक ऑक्साइड वायू नाकात मुळातच भरपूर असतो, कारण तो सायनसमध्ये तयार होतो. सूज आली की अस्तरातून तो जास्त निघतो, पण त्याच सुजेने सायनसची तोंडं बुजली की कमी येतो. म्हणजे आकडा वाढलाही तरी सूज, आणि नाही वाढला तरी सूज असू शकते. तोंडाने ठरावीक वेगात फुंकायची टेस्ट मुद्दाम अशी आखलेली आहे की नाकातला वायू त्यात मिसळू नये. ती फुप्फुसाच्या नळ्यांबद्दल बोलते: प्रौढांमध्ये अब्जात २५ भागांखाली असेल तर तिथे इओसिनोफिलची सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर असेल तर जास्त. नाकाच्या ॲलर्जीनेही हा आकडा थोडा चढतो, म्हणून एकट्या आकड्यावर दमा ठरवत नाहीत. वहीतल्या खोकल्याच्या रकान्यात आठवड्यात दोन-तीन खुणा पडायला लागल्या, तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते आधी स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची टेस्ट) करतील आणि गरज वाटली तर नायट्रिक ऑक्साइडची फुंकर. रकाना कोराच राहिला, तर त्या टेस्टचे पैसे खर्च करू नका.